मागे वळलेला कान

देवानं बैलांना वाचा दिली होती, त्या काळची ही गोष्ट. एका मळ्यातल्या विहिरीवर हरण्या नावाचा गोऱ्हा नव्यानंच मोटेला जुंपला. जोडीला म्हातारा गुलब्या. उतारावरून दोघं पुढे चालत गेले की भरलेली मोट वर यायची आणि ती पाटात रिती झाली, की त्यांनी उलट्या पावली मागे यायचं.

हरण्याला भारी घाई. "आजोबा, मधेच थबकता कशाला? दमलात वाटतं?"

"दमतोय कुठला! तू तेवढी मागे सरायची घाई करू नकोस, बाळा."

ऐकेल तर तो हरण्या कसला! उतार संपताच तो तडक मागे सरू लागला. मोट अजून भरलेलीच होती. तिच्या वजनासरशी तो फरफटत विहिरीकडे निघाला. गुलब्यानं चारी खूर मातीत रोवले, तेव्हा कुठे दोघं काठाशी थांबले.

पुढच्या खेपेला हरण्यानं नीट पाहिलं. गुलब्याचे पाय पुढेच चालले होते, पण उतार संपायच्या आधीच त्याचा एक कान हळूच मागे वळला होता. पाणी भसकन कोसळलं, दोर सैलावला आणि म्हातारा असा अलगद मागे सरला, जसं कुणी देवाला पाठ न दाखवता गाभाऱ्यातून निघावं. हरण्या बघतच राहिला.

त्यानंतरच्या खेपेला गुलब्यानं शेजारी पाहिलं. उतार अजून बाकी होता आणि पोराचा कान मागे वळला होता.

"आता मी दमलो तरी चालेल," गुलब्या म्हणाला.