टाकीवरचा पोचा

गाड्या माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. एका साध्या सोमवारी, अंगणात पापड वाळत असताना, मंजुळाबाईंची बदली पलीकडच्या गावच्या शाळेत झाल्याचं कळलं. तिथे एसटी जात नव्हती.

"आई, गाडी शीक आता," लेक म्हणाली. "आणि नवीच घे. बाबांची ती जुनी भंगारात देऊन टाक."

पडवीतल्या जुन्या मोटारसायकलचा जीव टांगणीला लागला. मंजुळाबाईंचे यजमान वसंतराव गेल्यापासून तिला कुणी किकसुद्धा मारली नव्हती.

दुपारी दुकानदार नवी गाडी दाखवायला घेऊन आला.

"काय आजी, निघालात का?" नवीने जुनीला डिवचलं. पण मंजुळाबाई बसताच तीच किंचाळली, "अहो, सांभाळून! ओरखडा पडेल!"

मंजुळाबाई दचकल्या. क्लच सुटला, गाडी बंद पडली. पुन्हा तेच.

"बाई, इकडे या," जुनी म्हणाली. "मला खुशाल पाडा. साहेबही माझ्यावरच शिकले. टाकीवरचा हा पोचा त्यांचाच. तेव्हा तुम्ही पोट धरून हसला होता."

मंजुळाबाईंना हसू फुटलं. बऱ्याच किका मारल्यावर जुनी धूर सोडत सुरू झाली. चिंचेखाली दोघी आडव्या झाल्या, उठल्या, पुन्हा निघाल्या.

"सुटले बाई!" म्हणत नवी गाडी दुकानात परतली.

शाळेत जायच्या आदल्या दिवशी मंजुळाबाईंनी जुनी गाडी धुऊन लख्ख केली. वसंतरावांनी दसऱ्याला हँडलला बांधलेली झेंडूची माळ मात्र त्यांनी काढली नाही.