मांडीचं हाड आणि जर्मन व्याकरण

मिरजेत जर्मनीला निघालेल्या नर्सेसची तोंडी परीक्षा होती. जर्मन शिकवणारे टेंगशे सर पास म्हणतील तरच पुढचं जाणं. जर्मनमध्ये गावाला जायचं तर एक अव्यय, माणसाकडे जायचं तर दुसरं, खोलीत जायचं तर तिसरं, वर विभक्तीही बदलते. त्यांतल्या मार्था सिस्टरांचं घोडं नेमकं तिथंच अडायचं, आणि सरांना ते ठाऊक होतं.

"मांडीचं हाड मोडलेले आजोबा बाथरूमला जायचं म्हणताहेत," सर खुर्चीत रेलत म्हणाले. "काय सांगाल त्यांना? जर्मनमध्ये!"

सिस्टर स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाल्या, "उठू नका, आजोबा. मी बेडपॅन आणते."

"अहो, पण यात जाणं कुठाय?"

"मोडलेल्या हाडावर चालवू त्यांना, सर?"

सरांनी मार्क दिले. पुढच्या मुलीला मात्र त्यांनी धडधाकट आजोबा दिले.