सुलोमेने नांगरलेली वीरभूमी

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुगाची चाहूल लागली होती, त्या संधिकाळी, हिमशिखरांचे जल गव्हाच्या शेतांतून खेळवणाऱ्या कुभा नदीच्या तीरावर महातपस्वी धूम्रायणांचा आश्रम होता. त्यांची पत्नी सुलोमा. आणि तिच्या काळजाचा तुकडा म्हणजे एकुलता पुत्र रोचिष्मान. ऐन सुगीत क्षेत्रघ्न नावाचा असुर उभी पिके जाळीत आला, तेव्हा या पोराने हातच्या समिधा टाकून धनुष्य उचलले. असुर मेला, पण रोचिष्मानही त्याच शेतात पडला.

सुलोमेने असा हंबरडा फोडला, की साक्षात भूदेवी प्रकट झाली. "माते, गेलेला पुत्र परत आणणे माझ्या अधिकारात नाही. परंतु त्याच्या रक्ताचा थेंब न् थेंब मी बीजरूपाने उदरात जपेन आणि ग्रीष्मात फूल करून तुझ्यापुढे उभा करीन!"

आता त्या देशाची रीत अशी, की वीर पडला त्या भूमीला पुन्हा नांगर लावायचा नाही. धूम्रायणांनी शेताला कुंपण घातले, नित्य दीप लावला. ग्रीष्म आले नि गेले. गवत मातले, फूल मात्र औषधालाही नाही! बिचारी सुलोमा डोळ्यांत प्राण आणून वाट पाही. अखेर तिचा धीर सुटला.

"देवी म्हणवतेस आणि एका आईला फसवतेस?" मातीवर हात आपटून ती ओरडली. "कुठे आहे माझा बाळ?"

"अगं, इथेच आहे," भूदेवी कळवळून म्हणाली. "पण उजेडाची तिरीप लागल्यावाचून ते बीज जागे होत नाही. तुम्ही माती उलटूच देत नाही, मी तरी काय करू?"

सुलोमा तडक उठली आणि तिने बैल जुंपले. धूम्रायण धावत आले. "थांब! वीरभूमीवर नांगर म्हणजे महत्पाप!"

"माझा मुलगा आत कोंडलाय आणि तुम्ही मला पाप शिकवता?"

फाळ मातीत घुसला. ऋषींचा राग तर नाकाच्या शेंड्यावर! कमंडलूतले जल हाती घेऊन ते गरजले, "या भूमीत जे फुलेल ते दुसरा सूर्योदय पाहणार नाही!"

पुढच्या ग्रीष्मात गव्हाच्या ताटांमधून रानखसखस उगवली. लवदार देठांवर माना खाली घातलेल्या कळ्या पहाटे ताठ झाल्या, हिरवी टोपणे गळून पडली आणि चुरगळलेल्या रेशमासारख्या आरक्त पाकळ्या उन्हात उलगडल्या. सारे शेत लालेलाल झाले. काळ्याभोर केसरांत भुंगे लोळू लागले. काय ते रूप! सुलोमा दिवसभर तिथून हलली नाही.

सांजवेळी पाकळ्या गळू लागल्या. धूम्रायण मटकन खाली बसले. "हाय हाय, हे मी काय केले! दिलेला शाप मला परत घेता येत नाही."

"रडू नका," पाकळ्या पदरात वेचीत सुलोमा म्हणाली. "उद्या उमलायला दुसऱ्या कळ्या आहेत. आणि मुंज झाल्यापासून तो सबंध दिवस माझ्या डोळ्यांसमोर कधी राहिला होता? आज राहिला."

तेव्हापासून रानखसखशीचे फूल एका दिवसाचे झाले. तिची बोंडे वाऱ्यावर हलून बारीक बी शिंपतात, आणि ते बी वर्षानुवर्षे मातीखाली निजून राहते. म्हणून त्या देशी वीर पडलेल्या भूमीला पहिला नांगर त्याची आई लावते.