ओल्या फडक्याखालचे मडके

पूर्वी एका नगरीत न्यायी राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वाने वेशीबाहेरच्या कुंभारवाड्यात जन्म घेतला होता. त्याचे नाव सुदंत. त्याची बायको उत्तरा मोठी मानी आणि कामाला वाघ. रोहिणी ही त्यांची एकुलती एक मुलगी. बाप चाकावर मडके घडवी आणि मुलगी त्याच्या ओल्या गळ्याभोवती बोटे दाबून नक्षी उमटवी.

रोहिणी तापाने गेली. तिने नक्षी केलेले शेवटचे मडके अजून ओलेच होते. वाळले की ते आव्यात जाणार, आणि भाजताना तडकले तर लेकीच्या बोटांची खूण कायमची जाणार, या धास्तीने उत्तराने त्यावर ओले फडके गुंडाळले. रोज पाणी शिंपडून ती ते ओले राखू लागली. सारा जन्म मातीत गेलेली बाई, पण दुःखाने तिची मती गुंग झाली होती.

सुदंत मात्र दिवसकार्य उरकताच चाकावर बसला. याचे काळीज दगडाचे आहे की काय, असे उत्तराला वाटे. ती त्याच्याशी धड बोलेना. तो कधी चिडला नाही. फडक्यावर शिंपडायचे पाणीही तोच भरून ठेवी.

एके सकाळी फडके बदलताना उत्तराचा हात थबकला. मातीवर फडक्याची वीण उमटली होती आणि बोटांचे ठसे विरत चालले होते. रोज तिनेच शिंपडलेल्या पाण्याने. ती उठून चाकापाशी बसलेल्या सुदंताकडे गेली.

"तुम्हांला हे दिसत होतं. मग बोलला का नाहीत?" तिने विचारले.

"ते मी हिसकावून घेतलं असतं, तर तुझी लेक दुसऱ्यांदा गेली असती," सुदंत म्हणाला. "दोऱ्यानं कापून मडकं चाकावरून उतरवतो ना, तेव्हा दर वेळी मी मनात तिला निरोप देतो. अजून पुरता देऊन झालेला नाही."

उत्तराला जे नुसते काम वाटत होते, तेच त्याचे रडणे होते आणि त्याचे ध्यानही तेच. इतके मोठे मन आपल्या घरात, मातीने माखून बसले होते आणि आपण त्याला दगड म्हणत होतो, या विचाराने तिचे डोळे भरून आले.

तिने स्वतः फडके काढले, मडके सावलीत वाळवले आणि आव्यात ठेवले. राख सारली तेव्हा ते अखंड निघाले. ठसे पुसट होते, पण आता पक्के झाले होते. घरात जपून ठेवावे असे तिला फार वाटले. तरी ते तिने वाटेवरच्या झाडाखाली नेले आणि पाण्याने भरले. एक तहानलेला वाटसरू आला. मडके कलते करताना त्याची बोटे नेमकी त्या ठशांवर टेकली. मडके तिथेच राहू देऊन उत्तरा घरी परतली.

पुढच्या एका जन्मी बुद्ध झाल्यावर शास्त्यांनी ही कथा मुलगा गमावलेल्या एका आईला सांगितली. "तेव्हाची उत्तरा तू होतीस, बाई," ते म्हणाले. "सुदंत मी होतो."

"आणि माझी रोहिणी?"

"मघापासून तुझी पाठ थोपटते आहे, ती ही भिक्षुणी."

दोघींनी एकमेकींकडे वळून पाहिले. आजवर त्यांची साधी ओळखही नव्हती.

"आणि तो वाटसरू," शास्ते हळूच म्हणाले, "या जन्मी तुझ्या पोटी आला होता. त्याच्यासाठीच तू आज रडते आहेस."

उराशी धरलेले परक्याच्या ओंजळीत घालता येणे, हीच दानपारमिता, दानाची परिपूर्णता.