पाटलाचा कुत्रा का फुगला

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून सकाळपासून डोकं खाल्लंत. सांगतो. मध्येच कुणी "पुढं काय?" म्हणालं, तर तिथंच उठेन.

लई जुनी गोष्ट. तेव्हा जनावरं बोलायची, आणि माणसांपेक्षा खरं बोलायची. डोंगराखालच्या एका गावात एक म्हातारा पाटील होता. त्याच्या घरची रीत अशी, की रातचं जेवण त्याच्या जिभेला रुचेल तसंच व्हायचं. तिखटजाळ कालवण, वर मिरचीचा ठेचा. लहानथोर एकाच पंगतीत. ताटात शीत उरलं तर उठायचं नाही.

पाटील मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "माझी नातवंडं बघा! ताटं कशी लख्ख!"

ताटं लख्ख होती, पोरं मात्र वाळत चालली होती. धाकटी नात तर चालताना भिंत धरायची. तिची आई, म्हणजे पाटलाची सून, रोज मनाशी म्हणायची, पोरगी जेवते, मग अंगाला का लागत नाही?

एक दिवस तिला दिसलं, दारचा कुत्रा रांजणासारखा फुगलाय, आणि त्याला सारखा ठसका लागतोय. रातच्या पंगतीत तिनं नीट पाहिलं. पोरं घास मांडीआड सारत होती आणि कुत्रा मागून उचलत होता.

दुसऱ्या दिवशी तिनं पाटा-वरवंटा उचलून ओसरीवर नेऊन आदळला.

"मामंजी, हा आठवडा चूल पोरांची. ज्याला जाळ हवा, त्यानं आपला ठेचा आपण वाटावा."

"रीत मोडलीस तर माहेरची वाट धर!"

"धरीन. पोरांना घेऊन धरीन. पण आठवडा झाल्यावर."

तिनं पोरांनाच विचारून बेत ठरवला. सोमवारी मऊ खिचडी नि तूप, मंगळवारी वरणफळं. मग कढीभात, थालीपीठ-लोणी. शनिवारी परत खिचडी, कारण धाकटीनं परत मागितली. रोज नवं हवं असा कुठं कायदा आहे?

पाटील रुसून ओसरीवर एकटाच भाकरी-ठेचा घेऊन बसायचा. रविवारी भोपळ्याचे घारगे झाले. धाकटी भिंत न धरता पळत बाहेर गेली.

"आजोबा, घारगा घ्या."

"नको. पोट भरलंय माझं. हे बघ ताट!"

ताट लख्ख होतं. तेवढ्यात कुत्रा खोकला.

"पाटील, आता पुरे करा. पोरांनी माझा पिच्छा सोडला, तुम्ही कधी सोडणार? तुमच्या तोंडात दात नाहीत, पोटाला तिखट सोसत नाही. इतकी वरसं तुमचाही घास मीच गिळतोय."

सून हसली नाही. तिनं आत आणखी एक ताट मांडलं. पाटील खाली मान घालून आला, नातीशेजारी बसला आणि घारगे दोनदा मागून घेतले. पाटा ओसरीवरच राहिला. कुत्रा बारीक झाला, त्याचा ठसका गेला.

घरातल्या सगळ्यात लहान तोंडाला जी रीत गिळवत नाही, ती खुशाल मोडावी, आणि ताठ मानेनं मोडावी.

झालं. माझ्या कुत्र्याला एका शेजाऱ्यानं भाकरीचोर म्हटलं होतं. त्या शेजाऱ्याचीच नातवंडं कुंपणातून कुत्र्याला घास सारत होती, हे अख्ख्या आळीनं पाहिलं. तरी अजून माफी मागायचा राहिलाय तो केरबा ढमाले.