दाबून धरलेलं बोट

एकदा एका विडी कामगारांच्या वस्तीत एक वृद्ध गुरुजी वाचनालय चालवत असत. त्यांचा एक शिष्य दूर शहरात संगणकविद्या शिकून परतला होता. कामगार संस्थेच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज आता संगणकावरच भरायचा होता, आणि त्या अर्जाचं पान या शिष्यानेच रचलं होतं. त्याचा त्याला मोठा अभिमान होता.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी नरसम्मा नावाची वृद्धा वाचनालयात अर्ज भरायला आली. चाळीस वर्षं विड्या वळून तिच्या बोटांना एकच शिस्त लागली होती: पान चिमटीत धरलं की दोरा बांधून होईपर्यंत सोडायचं नाही. माउसचं बटणही तिने तसंच धरलं. तासाभराने अर्ज भरत आला तेव्हा तिने नियमांच्या लिंकवर बोट दाबलं आणि दाबूनच ठेवलं. हात जरासा वर सरकला. लिंक ओढली जाऊन वरच्या टॅबवर पडली, आणि भरलेल्या अर्जाच्या जागी नियमांचं पान उघडलं. मागे जाऊन पाहिलं तर अर्ज कोरा. दुसऱ्यांदाही तेच झालं.

शिष्य वैतागला. "आजी, विडी नाहीये ती. दाबायचं आणि सोडायचं. लहान पोरांना जमतं हे."

नरसम्माने हात पदराखाली घेतला. "राहू दे बाळा. माझ्याच हाताला वळण नाही," म्हणत ती उठू लागली.

गुरुजींनी तिला बसवून घेतलं. शिष्यापुढे कोरे कागद ठेवून ते म्हणाले, हिचा अर्ज आधी तू हाताने लिहून काढ. शिष्याला कारण कळेना, तरी तो लिहू लागला. अर्धं पान झालं आणि पेनाचं टोक समासाच्या रेघेला लागलं. गुरुजींनी कागद ओढून घेतला, फाडला आणि दुसरा पुढे सरकवला. आता तो जीव मुठीत धरून लिहू लागला. शेवटच्या ओळीत एक वेलांटी रेघेपलीकडे गेली. गुरुजींनी तोही कागद फाडला.

शिष्याची कानशिलं तापली. "गुरुजी, हा अन्याय आहे. हात केसभर सरकला म्हणून सगळं मातीत घालायचं? निदान विचारायचं तरी."

"मग हा संताप मघाशी कुठे होता?" गुरुजी म्हणाले. "तिचे कष्ट दोनदा मातीत गेले, तेव्हा तू तिच्या बोटाला दोष दिलास. ज्या हातांनी चाळीस वर्षं एक विडी सैल वळली नाही, त्यांना वळण नाही असं तिला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागलं. हात सरकणारच. तुझाही सरकला. पुसण्याआधी तुझ्या पानाने माणसाला एकदा विचारलं असतं, तर त्याचं काय बिघडलं असतं?"

शिष्य खाली मान घालून संगणकाशी जाऊन बसला.

दुपारी नरसम्माने तिसऱ्यांदा अर्ज भरला. बोट दाबलेलंच राहिलं, हात पुन्हा वर सरकला. पण या वेळी पडद्यावर प्रश्न उमटला: भरलेला अर्ज टाकून जायचं का?

तिने तो अक्षर अक्षर लावत वाचला. "आत्ता विचारतोय होय," असं शिष्याला म्हणून तिने 'नाही'वर बोट दाबलं आणि सवयीने दाबूनच धरलं. ते सुटेपर्यंत शिष्य शांतपणे थांबला.

अर्ज मुदतीत पोचला.

सरकलेल्या हाताला जी रचना क्षमा करत नाही, तिच्या कर्त्याने त्या हाताला अडाणी म्हणू नये.