कापडावरचे पाच कण

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. मोटार बघायला माणसं दोन-दोन गावं चालून येत, तेव्हाची. डोंगरांच्या मधल्या खोऱ्यात एक छोटंसं राज्य होतं. राज्यात राजा होता, राणी होती आणि मोटार एकच होती.

ती राजाच्या मिरवण्यासाठी नव्हती. राज्यात वैद्य नव्हता, तो घाटापलीकडच्या गावात राहायचा. आजारी माणूस असो की अडलेली बाळंतीण, मोटारच घाट चढून वैद्याच्या दारात सोडायची. त्यामुळे मोटार बंद पडली की सारं राज्य धास्तावायचं.

एका वर्षी तिचं इंजिन पार झिजलं. तिथे एक म्हातारा मिस्त्री होता. चाळीस वर्षांत त्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्याने इंजिन उतरवलं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, फिरत्या दांड्याला आधार देणारी नवी पितळी कडी, म्हणजे बुश, घातले आणि महिनाभरात मोटार पुन्हा उभी केली.

त्या राज्यात एक रीत होती. नव्या इंजिनात पहिलं तेल सुवासिनीने ओतायचं, तेही सोनेरी बेगड लावलेल्या कलशातून. या वेळी तो मान ड्रायव्हरच्या बायकोला मिळाला. बिचारीचे दिवस भरत आले होते. पहिलं मूल पोटातच गेलं होतं, आणि या खेपेला कळा सुरू झाल्या की लगेच घेऊन या, असं वैद्याने बजावलं होतं. तिने हसत हसत तेल ओतलं. राणीने मिस्त्रीच्या खांद्यावर शाल घातली.

मिस्त्रीचीही स्वतःची एक रीत होती, आणि ती जास्त शहाणी होती. नवं इंजिन शंभर कोस चाललं की तो ते पहिलं तेल काढायचा, पांढऱ्या फडक्यातून गाळायचा आणि फडकं उन्हात धरायचा. राखेसारखी करडी पूड दिसली तर काळजी नसे. नवे भाग एकमेकांना सरावताना तेवढे झिजतातच. पण चमकते कण दिसले, तर आत धातू खाल्ला जातोय असं समजायचं आणि इंजिन पुन्हा उघडायचं.

त्या दुपारी फडक्यावर पूड होती, आणि पुडीत पाच सोनेरी कण होते.

फडक्याचं दुसरं टोक त्याच्या बायकोने धरलं होतं. ती म्हणाली, "अहो, हे काय चमकतंय?"

"बेगड आहे, कलशाची. तेलाबरोबर आत गेली असणार."

"मग चिमटीत चोळून बघा ना. बेगड असली तर चुरगळेल, पितळ असलं तर टोचेल."

"चाळीस वर्षं हेच करतोय मी. आता तू शिकव मला."

खरं सांगू का? त्याला चोळायचंच नव्हतं. कण टोचला असता तर इंजिन उघडावं लागलं असतं. चारच दिवसांपूर्वी शाल घेतलेल्या माणसाला गावादेखत आपलंच काम खोलायची लाज वाटत होती. बाळंतपणाला अजून पंधरा दिवस होते आणि काम आठ दिवसांचं होतं. तरी त्याने फडकं गुंडाळून फळीवर ठेवलं आणि इंजिनात ताजं तेल भरलं.

संध्याकाळी ड्रायव्हर मोटार न्यायला आला. "काका, तेल बघितलंत ना?"

"बघितलं," मिस्त्री म्हणाला. ते खोटं नव्हतं, म्हणूनच इतकं सहज तोंडातून निघालं.

पंधराव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. ड्रायव्हरने बायकोला मागे निजवलं आणि मोटार घाटाला लावली. अर्ध्या चढावर इंजिन खडखडलं, मोठा आवाज झाला आणि दांडा जागच्या जागी जाम झाला. वाटेवरच्या माणसांनी झोळी केली, आळीपाळीने खांदा देत ती वैद्याच्या दारात नेली. पण फार उशीर झाला होता. आई गेली आणि मूलही गेलं.

ड्रायव्हर आपल्या घराच्या दारात बसून एकच म्हणत राहिला, "मीच घाईघाईत दामटली. माझ्यामुळे इंजिन गेलं." लोकही हळहळत माना डोलवत होते. मिस्त्रीवर कुणाचा संशयसुद्धा नव्हता. तो गप्प बसला असता तर जन्मभर कुणाला काही कळलं नसतं.

तिसऱ्या दिवशी त्याने फळीवरचं फडकं काढलं आणि एकेक कण चिमटीत घेऊन चोळला. पाचही टोचले. मग तो ड्रायव्हरच्या घरी गेला आणि फडकं त्याच्यापुढे पसरलं.

"तू दामटली नाहीस, बाबा. बुश तेव्हाच खाल्ले जात होते. मला हे कण दिसले होते. मी चोळून बघितलं नाही."

ड्रायव्हरने फडकं उचलून उन्हात धरलं.

"काका, मी तुम्हाला विचारलं होतं," एवढंच तो म्हणाला. त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

मिस्त्रीने शाल राणीला परत केली. इंजिन उघडून नीट बांधलं, आणि पुढे तीच मोटार कितीतरी बाळंतिणींना सुखरूप घाटापार घेऊन गेली. ती चालवायला मात्र दुसरा माणूस शोधावा लागला. ड्रायव्हरने म्हाताऱ्याला माफ केलं की नाही, ते मला ठाऊक नाही. ते दोघं पुन्हा एकमेकांशी बोलले नाहीत.

म्हणून लहानांना सांगतो आणि थोरांनाही: आपली चूक सापडेल या भीतीने तपास अर्ध्यावर सोडू नये, कारण त्याची किंमत आपल्यावर विश्वास ठेवणाऱ्याला मोजावी लागते.